पावणेसातची बॅच

आमच्या परीक्षा विभागाबाहेरच्या सूचना फलकाची किल्ली गेली २३ वर्षं माझ्याकडे आहे. हिरवं कापड, गंजलेल्या टाचण्या आणि सरकती काच. काच अर्ध्यावर अडकते, म्हणून कुठलाही कागद लावायचा तर हात वाकडा करून आत घालावा लागतो. क्रीडा विभागाची उन्हाळी उपक्रमांची नोटीस दरवर्षी मीच अशी वाकड्या हाताने लावते. पोहणे, योग, बॅडमिंटन, फुटबॉल, एक दिवसाची पदभ्रमंती, आणि अलीकडे ताणतणाव व्यवस्थापनावर एक व्याख्यान. खाली ठळक अक्षरांत, ‘विद्यार्थी, शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी बहुसंख्येने लाभ घ्यावा.’

बहुसंख्येचं सोडा, मी एकटीनेसुद्धा कधी लाभ घेतला नव्हता. पोहण्याची वेळ सकाळी १० ते १२. दहाला आमचं मस्टर उघडतं आणि बाराला निकालाच्या गुणयाद्यांत मान खुपसलेली असते.

उन्हाळ्यात विद्यापीठ रिकामं होतं असं लोक म्हणतात, ते वर्गांकडे बघून. वर्ग रिकामे होतात हे खरं. पण आमच्याकडे तेव्हाच खरा हंगाम असतो. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे येतात, गुण चढतात, पडताळणी होते, निकाल लागतात आणि निकाल लागले की खिडकीशी रांग लागते. प्रयोगशाळांमध्ये संशोधक विद्यार्थी असतात, कारण प्रयोगाला सुट्टी लागत नाही. वसतिगृहात काही मुलं राहिलेली असतात, ती का राहिली हे आपण विचारायचं नसतं. सुरक्षारक्षक असतात, माळी असतात, ग्रंथालयातली मंडळी पुस्तकांची मोजणी करत असतात. म्हणजे नोटीस निघायची ती घरी गेलेल्यांसाठी आणि तलावाला कुलूप नसायचं तेव्हा उरलेले सगळे कामावर असायचे. मी कधी बाराच्या आत त्या बाजूने गेले की जीवरक्षक खुर्चीत बसलेला आणि पाण्यात दोन जण. त्यातला एक बहुतेक वेळा काठाला धरून उभा.

मागच्या वर्षी क्रीडा विभागाच्या संचालक मॅडम आमच्याकडे आल्या होत्या. नव्या आहेत, माझ्यापेक्षा वयाने बऱ्याच लहान. त्यांच्या एका खेळाडूचा निकाल राखीव होता. फाइल सापडेपर्यंत त्यांना बसवलं आणि सहज विचारलं, “मॅडम, तुमच्या तलावात पोहतं कोण?”

“तुम्ही लोक येत नाही, म्हणून कोणीच नाही.”

“दहाला कशा येणार आम्ही? तुमची वेळ लिहितं कोण?”

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. वाटलं, झालं, वहीत गेलं म्हणजे संपलं. पण जाताना म्हणाल्या, “ताई, १२ नावं आणा. जीवरक्षकाची पाळी लवकर लावते आणि पावणेसातला तलाव उघडते.”

बारा नावं गोळा करणं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. संशोधक मुली लगेच तयार झाल्या, तीन नावं तिथेच मिळाली. ग्रंथालयातल्या दोघींनी आठवडा घेतला. आमच्या विभागातल्या बायकांचा प्रश्न पाण्याचा नव्हताच, कपड्यांचा होता. “अगं, मी या वयात ते असलं घालून सगळ्यांसमोर?” हे वाक्य मी चार जणींकडून ऐकलं आणि पाचव्यांदा मनातल्या मनात स्वतःकडून. मॅडमना सांगितलं. त्यांनी कुणाला समजवायला येण्याऐवजी नियमावलीच्या कागदावर एक ओळ वाढवली, की मनगटापासून घोट्यापर्यंतचा पोहण्याचा पोशाख चालेल. सुती कपडे मात्र चालणार नाहीत. सूत पाणी पितं आणि जड होतं, शिवाय त्याचे धागे गाळण यंत्रात जातात, असं कारणही दिलं होतं. कारण दिलं की आमची माणसं ऐकतात. त्या एका ओळीने मला तीन नावं मिळाली.

आमच्या कक्षाधिकाऱ्यांकडेही गेले होते. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला. “बाई, निकाल लावायचेत की पोहायचंय?” मग कागद परत करताना, “मला वेळ नाही.” त्यांनी बोलायचं टाळून हेच त्या कागदावर लिहून दिलं असतं, तरी अक्षर मी ओळखलं असतं. २३ वर्षं गुणयाद्या तपासल्यावर माणसं चेहऱ्याच्या आधी अक्षरावरून ओळखू येतात. आमच्या साहेबांचा ‘ध’ तोंड उघडं ठेवून बसतो आणि महत्त्वाच्या वाक्याखाली ते एक नाही, दोन रेघा मारतात. दुसरी जरा तिरकी.

शेवटी १४ जण झाले. माळीमामा स्वतःहून आले. रात्रपाळीचा एक सुरक्षारक्षक आला, त्याची पाळी सहाला सुटते. आणि एक निवृत्त प्राध्यापक आले, ज्यांना पोहता येत होतं आणि त्यामुळे आम्हाला पहिले काही दिवस त्यांचा फार राग यायचा.

पहिल्या आठवड्यात आम्ही पोहलोच नाही. गळ्याएवढ्या पाण्यात उभं राहून तोंड आत घालायचं आणि बुडबुडे काढायचे. बस. ५१ वर्षांची बाई, जिच्या सहीशिवाय पडताळणीचा गठ्ठा पुढे सरकत नाही, ती रोज पाऊण तास बुडबुडे काढत होती. प्रशिक्षक एकच वाक्य म्हणायचे, “श्वास घ्यायचं शिकवत नाही मी, सोडायचं शिकवतोय.” मला वाटायचं, पाण्याखाली श्वास रोखून धरायचा असतो. मी आयुष्यभर पाण्याबाहेरही तेच करत आले असणार, कारण पहिल्यांदा हवा पूर्ण सोडून डोकं वर काढलं, तेव्हा पुढचा श्वास आपोआप आत गेला आणि खांदे खाली आले. खांदे इतके वर होते, हे मला ठाऊकच नव्हतं.

तलावाच्या वासावरून एकदा गंमत झाली. मी म्हटलं, “आज क्लोरीन जास्त झालंय वाटतं, किती वास!” रसायनशास्त्राची संशोधक मुलगी हसली. म्हणाली, “काकू, हा क्लोरीनचा वास नाही. क्लोरीन घामाशी आणि लघवीशी मिसळलं की क्लोरामाइन नावाची संयुगं होतात, त्यांचा आहे. वास जास्त म्हणजे लोक अंघोळ न करता उतरलेत.” सगळे एकमेकांकडे बघायला लागले. दुसऱ्या दिवसापासून शॉवरपाशी रांग. माझ्या मते कुठल्याही तलावावर नियमांची पाटी काढून हे एवढंच लिहावं.

दुसऱ्या आठवड्यात पाठीवर तरंगायचं शिकवलं. पोहण्यातलं मला यापेक्षा जास्त काहीच आवडलं नाही, अजूनही नाही. माणसाच्या शरीराची घनता जवळजवळ पाण्याएवढीच असते, छातीत हवा भरून घेतली की ती पाण्याहून थोडी कमी होते आणि आपण वर राहतो. हे कळायला एक मिनिट लागतं. अंगाला पटायला मला आठ दिवस लागले. मी मान ताठ ठेवायची, मान वर उचलली की कंबर खाली जायची, कंबर गेली की मी प्रशिक्षकांच्या मनगटाला नखं लावायची. नवव्या दिवशी त्यांनी सांगितलं, कान बुडू द्या. कान बुडाले आणि सगळं बंद झालं. शिट्टी, पंपाची घरघर, ग्रंथालयातल्या मॅडमचं “बाई गं, बाई गं”, काही नाही. फक्त माझा श्वास, तोही लांबून कुणी दुसरं घेतंय असा. वर आभाळ. त्या दिवशी एका विद्याशाखेचा निकाल लागायचा होता, आणि मला तो थेट बाहेर येऊन टॉवेल हातात घेतल्यावर आठवला.

रात्रपाळीच्या रक्षकाला प्रशिक्षकांनी खोल बाजूला कधी जाऊ दिलं नाही. रात्रभर जागलेला माणूस पाण्यात थकला तर ते त्याला स्वतःलाही उशिरा कळतं. बुडणारा माणूस ओरडतो, हात हलवतो, ही आपली समजूत. प्रत्यक्षात तोंड पाण्याच्या वरखाली होत असताना ओरडायला हवाच नसते, तो गपचूप जातो. हे ऐकल्यापासून आम्ही जोड्या केल्या, आणि आपल्या जोडीदारावर नजर ठेवायची. माझी जोडी त्या रक्षकाशी होती. त्याला दिवसा झोप लागत नाही, ही त्याची जुनी तक्रार. सकाळच्या उजेडाने शरीराला जागं व्हायची वेळ झाली असं वाटतं, म्हणून मॅडमनी त्याला घरी जाताना गडद चष्मा घालायला सांगितलं. तो गणवेश, शिट्टी आणि काळा चष्मा अशा थाटात फाटकातून बाहेर पडायचा, आणि फाटकावरचे त्याचे मित्र त्याला रोज सलाम ठोकायचे.

आता फुटबॉलचं सांगते, कारण तिथे आमच्या डोळ्यांसमोर वाईट व्हायचं थोडक्यात टळलं.

सामने दुपारी चारला ठेवले होते. का, तर मैदान तेव्हा मोकळं असतं. भर उन्हाळ्यात चारला मैदान मोकळं का असतं, हा विचार वेळापत्रक करणाऱ्याने केला नसावा. एक मुलगा, दोन महिने थंडगार प्रयोगशाळेत बसलेला, पहिल्याच दिवशी तासभर पळला. मग भलत्याच दिशेला चालू लागला. मुलांना वाटलं मस्करी करतोय. त्याला नाव विचारलं तर कुठल्यातरी यंत्राचा क्रमांक सांगायला लागला. माळीमामांनी मागचापुढचा विचार न करता बागेच्या नळीचं पाणी त्याच्या अंगावर सोडलं, डोक्यापासून पायापर्यंत, आणि दोघांना पंखा घालायला लावलं. कोणीतरी ओरडलं, आधी गाडीत घाला! मॅडम पळत आल्या आणि म्हणाल्या, गाडी बोलवा, पण पाणी बंद करू नका. उष्माघातात शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर जातं आणि मेंदूवर परिणाम होतो, तेव्हा जितकी मिनिटं शरीर तापलेलं राहील तितका धोका. आधी गार करायचं, मग हलवायचं. मुलगा वाचला, आठवड्याने हिंडता-फिरता झाला. असंबद्ध बोलणं ही खूण आहे, एवढं तरी प्रत्येकाने लक्षात ठेवावं. दमलेला माणूस दमतो, तो स्वतःचं नाव विसरत नाही.

यानंतर मॅडमनी दोन गोष्टी केल्या. नव्याने येणाऱ्यांना पहिल्या दिवशी फक्त २० मिनिटं, मग रोज थोडं वाढवत न्यायचं. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. घाम लवकर सुटायला लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, हृदयावरचा ताण उतरतो. ही सवय घरात बसून होत नाही, आणि काही आठवडे पंख्याखाली काढले की जातेही. दुसरं म्हणजे मैदानाच्या कडेला एक मापक आणून ठेवलं. त्यात तीन तापमापक असतात, एक ओल्या कापडात गुंडाळलेला, एक काळ्या गोळ्यातला आणि एक साधा सावलीतला. आकडा काढताना ओल्याला ७० टक्के वजन, गोळ्याला २०, साध्याला फक्त १०. म्हणजे वर्तमानपत्रात आपण जो आकडा वाचून हाश्शहुश्श करतो, त्याची किंमत इथे दहा टक्के. घाम वाळतोय की नाही, हाच मुख्य प्रश्न. ही पद्धत १९५० च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या मरीन दलाच्या प्रशिक्षण तळांसाठी तयार झाली, तिथले नवशिके जवान उन्हाने कोसळत होते म्हणून. आकडे मला गुणयादीसारखे आवडतात, त्यामुळे हे सगळं मी मॅडमकडून दोनदा समजून घेतलं. आता आकडा चढला की लाल झेंडी लागते आणि कितीही मोठा सामना असो, थांबतो. फुटबॉल साडेसहाला गेला.

चारचं मैदान सुटल्यावर संध्याकाळची एक कडेची पट्टी आम्हा कार्यालयीन मंडळींना मिळाली. तिथे आम्ही व्हॉलीबॉल खेळतो. हा खेळ मुळात आमच्यासारख्यांसाठीच निघालाय. १८९५ साली विल्यम मॉर्गन नावाच्या व्यायाम-प्रशिक्षकाने तो शोधला, त्याच्याकडे येणाऱ्या वयस्कर नोकरदारांना बास्केटबॉलची धावपळ झेपत नव्हती. जाळीच्या दोन बाजूंना उभं राहायचं, कुणी कुणाला धडकायचं नाही. आमचा चेंडू जाळीवरून तीनदा गेला तर टाळ्या पडतात.

ताणतणाव व्यवस्थापनाचं व्याख्यानही झालं. दुपारी तीन ते साडेचार, निकालाच्या आठवड्यात. वक्त्यांनी सांगितलं, रोज स्वतःसाठी अर्धा तास काढा. तेवढ्यात मला कार्यालयातून तीन फोन आले. तिसऱ्याला उठून गेले.

लंडनच्या बसगाड्यांचा एक जुना अभ्यास मला त्या निवृत्त सरांनी सांगितला होता. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये तो प्रसिद्ध केला. दुमजली बसचे चालक दिवसभर बसून, वाहक दिवसभर जिने चढून-उतरून. गाडी तीच, रस्ता तोच, पण हृदयविकार चालकांमध्ये जास्त आणि वाहकांमध्ये कमी निघाला. आमच्या विभागात तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर फाइली नेणारे शिपाईमामा साठीला आलेत आणि अजून जिना धाडधाड चढतात, मी दुसऱ्या मजल्यावर कठडा धरते. सरांचं ऐकल्यापासून त्यांच्या हातातल्या काही फाइली मी घ्यायला लागले. त्यांना वाटतं मी फार चांगली आहे.

मॅडमच्या टेबलावर ओकानागन सनदेची प्रत असते. २०१५ मध्ये कॅनडात झालेल्या परिषदेत विद्यापीठांच्या आरोग्यासाठी ही सनद तयार झाली. मी वाचली. बरीचशी अशा सनदा असतात तशीच आहे, मोठमोठी वाक्यं. पण एक कलम मला भलतंच आवडलं. आरोग्याचा विचार विद्यापीठाच्या संस्कृतीत सगळीकडे मुरला पाहिजे, आणि त्यात शिकवण्याबरोबर प्रशासन आणि रोजचं कामकाजही आलं. म्हणजे आम्ही आलो. मस्टर आलं, जीवरक्षकाची पाळी आली, तलावाच्या किल्लीचा हूक आला. एवढी वर्षं आम्हाला वाटत होतं की तलाव असूनही आम्हाला आळस आहे. अडलं होतं नोटिशीवरच्या वेळेच्या रकान्यात.

माझं म्हणाल तर वजन अर्ध्या किलोनेही हललं नाही. गुडघा आहे तसाच. झोप मात्र लागते, आणि निकालानंतर खिडकीशी येणाऱ्या मुलांवर माझा आवाज चढत नाही असं शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी सांगितलं. एकदा रांगेतून रसायनशास्त्राची तीच मुलगी पुढे आली. तिच्या मैत्रिणीच्या पुनर्मूल्यांकनाचा अर्ज होता. काचेच्या पलीकडून तिने गाल फुगवून बुडबुडे काढून दाखवले. मागच्या मुलांना काही कळेना. मी अर्जावर शिक्का मारला, जरा जास्तच जोरात.

सत्र सुरू व्हायच्या आधीच्या शनिवारी मी तलावाची २५ मीटरची रुंदी एका दमात पार केली. दम म्हणजे बुडबुडे सोडत सोडत. पलीकडच्या काठाला हात लागला तेव्हा रक्षक माझ्या आधी पोहोचलेला होता आणि माझ्याकडे बघत होता, जोडीदाराने बघायचं असतं म्हणून.

यंदाची नोटीस गेल्या सोमवारी आली. पोहण्यापुढे वेळ छापलीय, सकाळी ६.४५ ते ७.३०. वाकडा हात आत घालून मी ती लावली आणि शेजारी नावांसाठी कोरा कागद. मंगळवारी किल्ली शिपाईमामांकडे होती. बुधवारी सकाळी बघितलं तर कागदावर २६ नावं. नोटिशीवरच, वेळेच्या रकान्याखाली, कुणीतरी बॉलपेनने लिहिलं होतं, ‘संध्याकाळची बॅचही ठेवावी.’ नाव नाही, सही नाही. ‘ध’ मात्र तोंड उघडं ठेवून बसलेला, आणि खाली दोन रेघा. दुसरी जरा तिरकी.